दुसरे पीक : निरंक

११ नोव्हेंबर, रोहा

पेटी सुखरूप पोचली. माझी पाठ तेवढी धरली आहे. पुण्याहून निघताना वृंदा म्हणाली, "अहो, पाहणीला चाललात की बैठकीला?" तिला सांगितले, कृषी अर्थशास्त्रज्ञालाही संध्याकाळ असते. उभी हयात महाविद्यालयात पिकांचे अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. नाट्यसंगीताच्या वाट्याला फक्त न्हाणीघर आले. निवृत्तीनंतरच्या या कामात दोन्ही साधेल असे दिसते.

काम असे. पेण तालुक्यात, कासू स्टेशनापासून खाडीकडे जाताना भातशेतीचा एक मोठा सलग पट्टा आहे. त्यातून वर्षाला काय निघते याचा अहवाल मी 'समृद्धसागर प्रतिष्ठान' नावाच्या संस्थेला द्यायचा. संस्थेचे इथले व्यवस्थापक हर्षद हे तिशीतले, अतिशय नम्र गृहस्थ. स्टेशनवर स्वतः गाडी घेऊन आले. म्हणाले, "सर, आम्हाला स्वतंत्र विचारांचा माणूस पाहिजे होता. निष्कर्ष साधारण काय यायला पाहिजेत ते मी तुम्हाला पाठवून ठेवलंय." नोकरीत मला असे आधी कुणी कधी कळवले नव्हते. एवढी स्पष्टता आजकाल दुर्मीळ.

राहायची सोय लतीफभाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात. घरात ते आणि अमीनाबी. योगायोग म्हणजे कासूच्या त्या पट्ट्यात लतीफभाईंचीही जमीन आहे. संध्याकाळी रियाज केला. तेवढा वेळ लतीफभाई खुर्ची उचलून रस्त्यापलीकडे पिंपळाखाली जाऊन बसले. जाणकार माणूस. गाणे थोडे दुरूनच ऐकावे.

१९ नोव्हेंबर

आज प्रत्यक्ष शिवारात. भात कापून झालेले, जमीन अजून ओलसर. त्या ओलीवर दोन बायका वाल पेरत होत्या. एक मंगळी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी वाडीतली, माझ्याच वयाची असावी. दुसरी तिची सून पूजा. जमीन लतीफभाईंची, पेरायचे वाडीवाल्यांनी, पीक वाटून घ्यायचे, अशी जुनी रीत आहे म्हणे.

मी विचारले, "बाई, हे वाल विकता कुठे?"

"इकायला उरतंय कुठं? घरातच लागतात. शेटचा वाटा शेटच्या घरी, आमचा आमच्या."

"म्हणजे बाजारात जात नाहीत."

"नाय."

मी तक्त्यात लिहिले, 'दुसरे पीक : निरंक.' पूजा दहावीपर्यंत शिकलेली आहे. तिने वाकून वाचले आणि सासूला सांगितले, "काय नाय असं लिवलंय."

मंगळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग मी सकालपासून काय पेरतेय गो?"

बाजारात न येणाऱ्या मालाला हिशेबात किंमत का नसते ते मी तिला सोप्या भाषेत समजावून दिले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि गुडघा पुढे केला. "डाक्टर, डोंगर उतरताना ह्यो दुखतो. काय देताव?"

मी त्यातला डॉक्टर नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "मंग कसला?"

"शेतीच्या अर्थशास्त्राचा."

"मंग शेतीचं काय दुखतंय ते तरी इचारा," असे म्हणून ती पुढच्या खाचरात गेली. ग्रामीण भागात संज्ञांचा फार गोंधळ असतो.

२ डिसेंबर

हर्षद आले होते. पहिला मसुदा वाचून खूश झाले. एकच सूचना केली. मी 'हंगामी पडीक' असे लिहिले होते. "सर, हंगामी काढू या? पडीक एवढंच लिहू. छापताना एका ओळीत बसतं."

मी म्हटले, दोन्हींत फरक आहे. ते म्हणाले, "फरक तुमच्यासारख्या अभ्यासकाला कळणार. वाचणाऱ्यांना कुठं कळतो?" यात तथ्य आहे. तरी मन थोडे अडले. विचार करून सांगतो म्हणालो.

तेवढ्यात त्यांची नजर पेटीवर गेली. "सर, तुम्ही गाता?" मी नको नको म्हणत असताना त्यांनी आग्रह केला. दोन पदे म्हटली. हर्षदनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी म्हणाले, "हे रोहेकरांनी ऐकायला पाहिजे. माझ्यावर सोपवा. सभागृह, माइक, माणसं, सगळं."

'पडीक' हा शब्द तसा सुटसुटीत आहे. हंगाम कोणता ते वाचणाऱ्याला संदर्भाने कळेलच.

१४ डिसेंबर

घसा बसला. अमीनाबींनी हळद घालून दूध पाठवले आणि निरोप दिला की आठवडाभर अजिबात गाऊ नका. किती काळजी घेतात.

४ जानेवारी

काय लिहू? सभागृह भरलेले! माझ्या नावाचा फलक, त्यावर माझा कोट घातलेला फोटो. मी समजत होतो पन्नासेक दर्दी येतील. बाहेर चक्क तीन बसगाड्या. हर्षद म्हणाले, त्यांच्या ओळखीच्या एका कंपनीतली मंडळी खास आली आहेत. अनेक जण तर कामाच्या गणवेशातच. संगीताची ओढ ती अशी, कपडे बदलण्याचेही भान नाही.

मध्यंतरापूर्वी मंडळी जरा शांत होती. मध्यंतरात सर्वांना खाण्याची पाकिटे मिळाली. त्यानंतर वातावरण खुलले. माझ्या ताना आणि वेफर्सचा आवाज यांचा सुंदर मेळ जमला. भैरवी सुरू करणार तोच बाहेर हॉर्न वाजला आणि सगळे सभागृह एका क्षणात उठून उभे राहिले. मी हात जोडले. असा मान भल्याभल्यांना मिळत नाही. मंडळी इतकी भारावली होती की एक शब्द न बोलता निघून गेली. एक जण धावता धावता म्हणाला, "सर, शिफ्ट हाय." बिचारा.

वृंदाला फोन केला. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "तिकीट होतं का?"

"छे, विनामूल्य."

"आणि परत जायला गाडी?"

"होती ना, तीन."

"हं," ती म्हणाली. "रक्तदाबाची गोळी घेतलीत?"

हर्षदना 'पडीक' चालेल म्हणून कळवले.

१७ जानेवारी

लतीफभाई आज पोपटीला घेऊन गेले. संध्याकाळी, कापणी झालेल्या त्याच शिवारात. आता तिथे वाल गुडघाभर वाढले आहेत. मंगळीने मडक्यात भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे मधे अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवला; हीच पोपटी. उघडल्यावर जो वास सुटला त्याचे वर्णन करायला मला दुसरा व्यवसाय करावा लागेल. किती खाल्ले ते मोजले नाही. पूजाने सालांचा ढीग बाजूला केला तेव्हा जरा संकोच वाटला.

जेवणानंतर लतीफभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, हर्षद माझ्या पोरांना फोन करतो, तिकडं दुबईला. सांगतो, बापाला समजवा, जमीन पडून आहे, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय."

माझे निष्कर्ष दुबईपर्यंत पोचल्याचे मला ठाऊक नव्हते.

"पोरं म्हणतात, विकून टाका. मी म्हणतो, अरे, आत्ता त्यात वाल उभे आहेत. पोरं म्हणतात, अब्बा, डॉक्टर खोटं कशाला लिहितील?" लतीफभाई हसले नाहीत. "माझं ठीक आहे. मला विचारतात तरी. या वाडीवाल्यांचं कागदावर नावच नाही. त्यांना कोण विचारणार?"

मंगळी विस्तव पसरवत होती.  मी उरलेल्या शेंगा सोलत राहिलो. अंगाला वालाचा वास येतो आहे, आणि झोपायला जावेसे वाटत नाही.

१८ जानेवारी

सकाळी दात घासताना कल्पना सुचली. घरी खाल्लेल्या पिकाचे मूल्य! विषय जुना आहे, पण कोकणातल्या वालावर अजून कुणाचे नाव लागलेले नाही. ही जागा मोकळी आहे. माझ्या नावाचा 'खांबेटे निर्देशांक'. मोठ्याने म्हणून पाहिले. चांगले वाटते.

५ फेब्रुवारी

पंधरवडाभर रोज सकाळच्या गाडीने कासू, तिथून चालत वाडी. दुपारच्या गाडीने परत. पेटी उघडलेली नाही. संध्याकाळी अमीनाबींचे डोके दुखायचे, तेही योगायोगाने थांबले आहे.

वाडीतल्या प्रत्येक घरात शिरलो. काय शिजते, किती दिवस पुरते, संपल्यावर काय आणता. मंगळी सुरुवातीला वैतागली. "आमच्या चुलीत काय बघताव?" मग तीच पुढे होऊन घरोघर घेऊन जाऊ लागली. एका म्हाताऱ्या गुणाजीने मला विचारले, "हे लिवून काय व्हनार?" मी म्हणालो, "आंतरराष्ट्रीय नियतकालिकात येईल." तो मंगळीकडे बघून म्हणाला, "म्हंजी काय व्हनार नाय."

पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा बहुतेक घरांत वालाचे कालवण असते. जिथे वाल नव्हते, त्या घरातली माणसे वीटभट्टीवर गेली होती आणि दाराला कडी होती. या दोन गोष्टींचा इतका सरळ संबंध मी वर्गात कधी दाखवू शकलो नसतो. कित्येक वर्षांत काम करताना भूक-तहान विसरलो नव्हतो. आता विसरतो आहे. अर्थात कुणी ना कुणी खायला घालतेच.

१३ फेब्रुवारी

अहवाल दिला. मुख्य भाग जसा ठरला होता तसा, 'दुसरे पीक : निरंक' आणि 'पडीक' सकट. शेवटी माझे परिशिष्ट, ज्यात हे निरंक मुळात किती मोलाचे आहे ते सिद्ध केले आहे. हर्षद वजन बघून म्हणाले, "अप्रतिम, सर." परिशिष्टाबद्दल त्यांना उत्साहाने सांगू लागलो तर त्यांचा फोन वाजला. बराच वेळ वाजत होता.

२० फेब्रुवारी

शिवारात लाल रंग दिलेले दगड पुरले आहेत. हर्षदना विचारले. गोदामे होणार आहेत म्हणाले, मोठमोठी. "सर, प्रतिष्ठान म्हणजे त्याच लोकांचं. तुम्हाला कल्पना होतीच ना?"

मला नव्हती. पण नव्हती असे सांगणे त्या वेळी बावळटपणाचे वाटले. मी म्हणालो, "साधारण."

मंगळीच्या दारात तीन लाल दगडांची चूल मांडलेली दिसली. तिने मला आत बोलावले नाही. "डाक्टर, खरं सांगा. तुमच्या कागदात आमच्या शेताचं काय लिवलंव?"

"सगळं लिहिलंय. शेवटी परिशिष्ट आहे."

"आन सुरवातीला?"

मी तांत्रिक बाजू सांगायला लागलो. पूजा मधेच म्हणाली, "आई, निरंकच हाय." मंगळीने चुलीतले लाकूड आत सारले आणि माझ्याकडे पाठ केली. तिथून स्टेशनपर्यंत कुणी 'डाक्टर' म्हणून हाक मारली नाही.

घरीही अमीनाबींनी भाकरी पाठवली नाही. लतीफभाईंनी नुसते "आलात?" विचारले. मला हे अन्यायाचे वाटते. मी परिशिष्ट लिहिले आहे. लोक अहवाल शेवटपर्यंत वाचतच नाहीत, हा देशाचा मूळ प्रश्न आहे.

वृंदाला सांगितले. ती म्हणाली, "गाण्याला माणसं बसमधून आणली, तेव्हाच मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तुम्हाला कळेपर्यंत मी थांबणार होते," ती म्हणाली. "पण आता वेळ होईल असं वाटतंय."

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या तीन बसगाड्या डोळ्यांपुढे येत राहिल्या. मी त्यांना घालवून दिले.

२७ फेब्रुवारी

आज पेणला जनसुनावणी. गोदामांना जमीन द्यावी की नाही यावर लोकांचे म्हणणे ऐकायचे होते. अधिकारी बाई नेमक्या वेळेवर आल्या. मला व्यासपीठावर बसवले होते. हर्षद कानात म्हणाले, "सर, तुम्ही फक्त नमस्कार करायचा." समोर पट्ट्यातले जमीनमालक, लतीफभाई, आणि मागे दाराशी वाडीतली माणसे. मंगळीने माझ्याकडे एकदाच बघितले.

हर्षद वाचू लागले. "डॉ. विद्याधर खांबेटे यांच्या निष्कर्षानुसार जमीन भातानंतर पडीक. दुसरे पीक निरंक. सबब मजुरांचे नुकसान शून्य." मागून गलका झाला. अधिकारी बाईंनी तो थांबवला. मी माझ्या समोरची छापील प्रत चाळत होतो. मुखपृष्ठ, माझा कोट घातलेला फोटो, तक्ते, आभार. आणि मागचा पुठ्ठा.

मी उठलो. "माझं परिशिष्ट कुठाय?"

हर्षद हसत म्हणाले, "सर, नंतर बोलू."

"परिशिष्ट कुठाय?"

"जाडी वाढत होती, सर. बाइंडिंगला त्रास होत होता."

जाडी! पंधरा दिवस मी ज्या चुलींपुढे डोळे चोळत बसलो, त्याला हा मनुष्य जाडी म्हणतो! पुढचे मला नीट आठवत नाही. मी माइक घेतला हे नक्की. निर्देशांक काय आहे, तो कसा काढला, कुठल्या घरात पावसाळ्याचे किती महिने या वालावर निघतात आणि कुठल्या घराला कडी लागते, सगळे तोंडपाठ होते. हर्षदनी माइक बंद करवला. वर्गात मी उभ्या जन्मात माइक वापरला नाही. मी बोलत राहिलो.

अधिकारी बाईंनी हात वर केला. "म्हणजे तुमच्याच अहवालातलं निरंक चुकीचं आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

"मुळीच नाही. निरंक बरोबर आहे. पण परिशिष्टाशिवाय वाचायचं नाही."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "आणि परिशिष्टासकट वाचलं तर?"

मी सवयीने हातातली प्रत उलटून परिशिष्ट शोधले. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःही नाही.

"तर ते निरंक नाही," मी म्हणालो.

बाईंनी लिहून घेतले. पूर्ण अहवाल सादर करा, जागेची पाहणी केल्याशिवाय पुढे काही नाही, असे सांगितले. हर्षद लगेच म्हणाले, "मॅडम, पाहणी एप्रिलात ठेवा. तेव्हा वाटा सुकलेल्या असतात."

दारातून मंगळीचा आवाज आला. "एप्रिलात कशाला येताव? तवा उपटून झालेलं आसंल. रिकामं रान बघाया? वाल आता वालत आलाय. आता येवा."

बाईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. माझे सूत्र फळ्यावर मांडायचे राहून गेले. एकूण मी विषयाला न्याय देऊ शकलो नाही. बाहेर वाडीची माणसे माझ्याभोवती जमली आणि गुणाजीने माझा हात धरून ठेवला. हर्षदची गाडी निघून गेली होती. लतीफभाईंबरोबर रेल्वेने परत आलो.  नागोठणे गेल्यावर त्यांनी खिशातून चिक्की काढून अर्धी मला दिली.

१ मार्च

हर्षदचा फोन. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सर, एकच विचारतो. असं का केलंत?"

"परिशिष्ट गाळलंत म्हणून."

"फक्त तेवढ्यासाठी?"

"आणखी कशासाठी?"

ते म्हणाले, "म्हणजे मी ते छापलं असतं, मागे कुठं तरी, बारीक अक्षरात, तर तुम्ही बसून राहिला असतात?"

मी म्हणालो, हा प्रश्न गैरलागू आहे, आणि फोन ठेवला. दिवसभर तो गैरलागू ठरवण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. बसून राहिलो असतो. नमस्कार केला असता, आणि कदाचित चहाही घेतला असता.

११ मार्च

पाहणी गेल्या आठवड्यात झाली. अधिकारी बाई चपला हातात घेऊन वाळलेल्या वालांतून पट्टाभर हिंडल्या. पूजाने शेंगा फोडून दाखवल्या. आज लतीफभाईंना कळले की या पट्ट्याचा प्रस्ताव परत गेला. हर्षदची माणसे निडीच्या बाजूला जमीन बघत आहेत असेही कळले. तिकडून दोघे जण मला विचारायला आले होते, "तुमचं ते मागचं पान आमच्या गावाला लावता येईल का?" येतो म्हणून सांगितले आहे. मानधन कोण देणार ते विचारायचे राहिले.

संध्याकाळी वाडीने जेवायला बोलावले. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कोलंबीचे कालवण. लतीफभाई, अमीनाबी, सगळे होते. मला मधोमध बसवले. मंगळी वाढत होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "त्या दिशी तुमी येकटे उभं ऱ्हायलाव. आमच्यासाठी येवढ्या मोठ्या मानसांच्या म्होरं. भ्या नाय वाटलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ठरवले, सांगून टाकायचे. तुमच्यासाठी उभा राहिलो नव्हतो. माझ्या पानांसाठी राहिलो होतो. वाक्य जुळवलेसुद्धा. पण तोंडात मोठा घास होता, आणि मंगळीने वर आणखी एक भाकरी टाकली. घास गिळेपर्यंत विषय बदलला होता.